माझ्या आवाजाने आत्यांना दिलेला प्रवेश

माझा आवाज मोठा आहे. मोठा म्हणजे असा की, सोलापुरातल्या आमच्या कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाच्या खिडकीमागे बसून मी ‘पुढचा!’ म्हटलं की सायकल स्टँडजवळ गप्पा मारत उभा असलेला मुलगाही दचकून सरळ उभा राहतो. जून महिन्यात त्या खिडकीसमोर मुलांची आणि पालकांची झुंबड असते, डोक्यावरचा पंखा फिरतो पण त्याचा वारा फक्त भिंतीवरच्या संस्थापकांच्या फोटोला लागतो, आणि अशा वेळी गोड बोलून काम होत नाही. मुलांनी मला एक नाव ठेवलेलं आहे. ते मला माहीत आहे आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही.

हा आवाज एक दिवस कॉलेजने माझ्याकडून मागून घेतला.

झालं असं, की आमचे प्राचार्य पुण्याला एका कार्यशाळेला गेले. जाताना ते ‘हजेरीपत्रकं कपाटात ठेवा’ असं सांगून गेले होते. परत आले ते हजेरीपत्रकांविषयी एक अक्षर न बोलता ऑफिसात उभे राहिले आणि म्हणाले, ‘बाई, आपल्या कॉलेजात एआय पाहिजे.’

खरेदीची कामं माझ्याकडेच असल्यामुळे मी विचारलं, ‘किती पाहिजे, सर? कोटेशन मागवू का?’

सरांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, ज्या नजरेने मी खडू मागायला आलेल्या शिपायाकडे पाहते.

मग एआय समिती नेमली गेली. पहिल्या बैठकीत फ्लेक्स कुठं लावायचा यावर चर्चा झाली. दुसरीत फ्लेक्सवर कुणाकुणाचे फोटो घ्यायचे यावर थोडी वादावादी झाली. तिसऱ्या बैठकीत, वेळ उरला म्हणून, एआय म्हणजे काय हे सरांनी समजावून सांगितलं. ‘ते आपोआप शिकतं,’ सर म्हणाले. मराठीचे विभागप्रमुख गंभीरपणे म्हणाले, ‘मग आपलं काय होणार?’ त्यावर सगळे हसले आणि सरांनी घाईने चहा मागवला.

ठरलं ते असं: प्रवेशाच्या चौकशीसाठी फोनवर एक यंत्र बसवायचं. लोकांनी फोन करायचा, काय हवं ते विचारायचं, यंत्र माणसासारखं उत्तर देणार, आणि हवा असेल तर अर्जही भरून घेणार. पुण्याच्या कंपनीचा एक तरुण माणूस लॅपटॉप घेऊन आला. त्याला आवाज हवा होता. आधी सरांचा आवाज घेऊन पाहिला, पण सर प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरतात आणि यंत्राने तेवढंच नेमकं उचललं. मग मराठीच्या विभागप्रमुखांना ‘प्रवेश’ हा शब्द म्हणायला सांगितलं. त्यांनी तो म्हटला आणि त्याची व्युत्पत्तीही सांगितली. त्या माणसाने हळूच लॅपटॉप मिटला. तेवढ्यात मी खिडकीवर कुणावर तरी ओरडले.

‘हा कुणाचा आवाज?’ तो म्हणाला. ‘एकदम क्लीन आहे!’

रेकॉर्डिंग जुन्या उत्तरपत्रिकांच्या खोलीत झालं. मे महिना होता. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद, बाहेरचा आवाज येतो म्हणून दार बंद. पदराने घाम पुसत मी वाक्यं वाचत होते आणि तो हेडफोन लावून मान हलवत होता.

‘मॅडम, जरा हसून बोला. हसू ऐकू येतं.’

‘इथं कुणाला हसू येईल?’

‘तरी पण.’

म्हणून मी हसून म्हणाले, ‘नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?’ माझ्या सगळ्या नोकरीत हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारत होते. जीभ अडखळली. पुन्हा म्हणावं लागलं.

शेवटी तो वायरी गुंडाळत म्हणाला, की आता एवढं पुरे, यापुढे यंत्र माझ्या आवाजात काहीही बोलू शकेल.

‘म्हणजे मी न बोललेलंसुद्धा?’

‘हो.’

‘आणि चुकीचं बोललं तर?’

‘ते शिकत राहतं, मॅडम.’

‘ते शिकेपर्यंत चुकणार माझ्या तोंडाने ना?’

तो छान हसला. असं हसायचं त्यांना बहुतेक कंपनीतच शिकवत असावेत.

उद्घाटनाला लॅपटॉपला हार घातला. हळदकुंकू वाहताना थोडं कुंकू बटणांच्या फटीत गेलं, त्यामुळे काही दिवस यंत्र जरा आचके देत होतं, पण समितीने ते सुरुवातीचे दिवस म्हणून सोडून दिलं. नव्या सोयीला ऑफिसचा जुना लँडलाइनचाच नंबर दिला, कारण तो सगळ्या जिल्ह्याला पाठ आहे. आणखी कुणाकुणाला तो पाठ आहे, याचा विचार कुणी केला नाही. मीही नाही.

पहिल्या आठवड्यातच खिडकीवर लोक येऊन म्हणायला लागले, ‘फोनवर एक बाई बोलतात, त्यांना जरा बोलवा की.’

‘मीच ती.’

‘नाही हो, त्या लई गोड बोलतात.’

एक बाई तर टाचा उंचावून माझ्या खांद्यावरून आत डोकावल्या, मी त्या दुसरीला कुठं लपवून ठेवलंय का ते पाहायला.

सांगोल्याच्या बाजूचा एक मेंढपाळ आपल्या मुलीला घेऊन आला होता. मुलगी बारावी झालेली, हातात कागदांची पिशवी घट्ट धरून त्याच्या मागे उभी. तो रागावला नव्हता, पण चक्रावला होता.

‘सकाळधरनं फोन करतोय, बाई. म्या म्हनलं, पोरीचा दाखला हाय. तर त्या म्हनल्या, हाय! आपलं स्वागत आहे. म्या म्हनलं, मार्कशीट बी हाय. त्या परत, हाय! आपलं स्वागत आहे. एवडं स्वागत आमचं लगनात बी झालं न्हाय. पर पोरीचा अर्ज काय भरंना.’

मी त्याच्या मुलीचा अर्ज हाताने भरून घेतला. मार्क साठ टक्क्यांच्या थोडे पुढे होते. दरवर्षीचा अंदाज बघता बी.ए.ला तिचा नंबर काठावर का होईना, लागेल असं मला वाटत होतं आणि तसं मी त्याला सांगितलंही.

अक्कलकोटकडच्या एका बाईंनी फोनवर कानडीत विचारलं, तर यंत्र म्हणालं, ‘आवाज स्पष्ट येत नाही, कृपया मोकळ्या जागेत जाऊन बोला.’ त्या बिचाऱ्या भर उन्हात गच्चीवर गेल्या आणि तेच पुन्हा कानडीत, मोठ्याने बोलल्या. नंतर ऑफिसात येऊन त्यांनी मला जे ऐकवलं तेही कानडीतच होतं, पण समजायला काही अडचण आली नाही.

हे सगळं मी सरांच्या कानावर घातलं. सर खूश झाले. ‘छान! डेटा मिळतोय,’ म्हणाले.

आता घरचं सांगते. जुळे सोलापूर भागात आमचं छोटं घर आहे. आमचे हे शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त आहेत आणि दुपारी असे झोपतात की दारावर ढोल वाजला तरी कूस बदलणार नाहीत. घरात तिसऱ्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. मामंजी गेल्यावर शेळ्या विकून, गावचं घर बंद करून आत्या आमच्याकडे आल्या. गावात दिवसभर माणसांत आणि जनावरांत वावरलेली बाई, इथं दुपारी तिला बोलायला कुणी नाही. म्हणून यांनी त्यांना बटणांचा फोन घेऊन दिला आणि एक नंबरचं बटण दाबलं की माझ्या ऑफिसला लागेल अशी सोय केली.

आत्या रोज दुपारी फोन करायच्या. दळण आणू का, दूध तापवू का, पाणी आलंय मोटर लावू का. मी एका शब्दात उत्तर द्यायची. ‘हो.’ ‘नको.’ ‘ठेवा आत्या, गर्दी आहे.’

त्या जूनमध्ये माझ्या कधीतरी लक्षात आलं, की आत्यांचे फोन येत नाहीत. मला वाटलं, रमल्या इथं. बरं झालं.

त्याच सुमारास आमची टाकी दोनदा भरून वाहिली. सोलापुरात पाणी रोज येत नाही. ते ज्या दिवशी येतं त्या दिवशी गल्लीत सणासारखी धावपळ असते, आणि अशा दिवशी ज्याच्या टाकीचं पाणी रस्त्याने वाहतं त्याच्याशी शेजारी महिनाभर धड बोलत नाहीत. मी यांच्यावर चिडले. हे म्हणाले, ‘मी झोपलो होतो.’ मग आत्यांना विचारलं.

आत्या शांतपणे म्हणाल्या, ‘तूच म्हनलीस की, चालू ठिव म्हनून.’

‘मी? कधी?’

‘फोनवर. म्या इचारलं, मोटर लावू का? तू म्हनलीस, व्हय, आपन पुढं जाऊ शकता. मागनं इचारलं, बंद करू का? तर म्हनलीस, विनंती नोंदवलीय.’

मी यांच्याकडे पाहिलं, यांनी माझ्याकडे पाहिलं. आत्यांचं वय झालं, असं दोघांच्याही मनात आलं आणि आम्ही विषय सोडून दिला. आता आठवलं की स्वतःच्याच डोक्यात टपली मारावीशी वाटते. ‘विनंती नोंदवलीय’ हे वाक्य आत्या स्वतःच्या मनाने कुठून आणणार होत्या?

मग एका शनिवारी डोकं दुखत होतं म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. दार नुसतं लोटलेलं होतं. चप्पल काढायला वाकले, तर आतून कुणीतरी बोलत असल्याचं ऐकू आलं. बोलणारी मीच होते.

‘आपल्या भावना मी समजू शकते,’ मी आतून म्हणत होते. ‘अर्ज करण्यासाठी मी आपल्याला मदत करू का?’

‘कर की,’ आत्या म्हणाल्या. त्या खिडकीपाशी माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. फोन मांडीवर, आवाज मोठा केलेला. ‘तू न्हाय करायची तर कोन करनार?’

‘धन्यवाद. आपलं संपूर्ण नाव सांगा.’

‘आता माजं नाव बी इसरलीस व्हय?’ आत्यांनी आपलं नाव सांगितलं, मग आडनाव. यंत्राने मधलं नाव विचारलं. आत्या गप्प. यंत्राने पुन्हा विचारलं. आत्यांनी आयुष्यात मामंजींचं नाव उखाण्याशिवाय घेतलेलं नव्हतं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी इकडेतिकडे बघून ते हळूच घेतलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या. ‘म्हातारपनी उखाना घ्यायला लावतीस. मेली.’

‘आपली बारावी झाली आहे का?’

‘बारा व्हत्या की! तुला ठावं न्हाय व्हय? समद्या दुभत्या. हे गेल्यावर इकल्या एकेक करून. शेवटची बांडी शेळी इकली तवा लई रडले बग म्या.’

‘छान. बारावी उत्तीर्ण अशी नोंद केली आहे. आपले गुण किती?’

‘गुन? माज्यात कसलं गुन, पोरी? पंचाहत्तर झालं आता. पंचाहत्तराव्या वर्सी गुडघंच तेवडं उरतात.’

‘पंचाहत्तर. उत्तम गुण आहेत! आपल्या गुडघ्याची काळजी घ्या.’

‘बग, तू इचारतीस तेवडंच बरं वाटतं.’

‘आपला विशेष विषय कोणता?’

‘इषय एकच हाय. येळापूरला भनीकडं जाऊन यावं म्हनते. ती बी थकली. पर तुला म्हनायचं कसं? तुला कुटं सुट्टी असती.’

‘सुट्ट्यांचं वेळापत्रक संकेतस्थळावर उपलब्ध आहे.’

‘हाय का? मग बग की तू जरा.’

‘हाय! आपलं स्वागत आहे.’

मी एका हातात चप्पल घेऊन दारात उभी. सुरुवातीला मला हसू आवरेना. मग आवरलं. आत्यांना मागे कुणीतरी आहे असं वाटलं असावं, त्यांनी वळून पाहिलं. माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. फोनमधून मी अजून बोलतच होते, ‘आपला अर्ज नोंदवला आहे. आपला दिवस आनंदात जावो.’

‘तू हितं,’ आत्या म्हणाल्या, ‘मग ही कोन?’

मी त्यांच्याजवळ बसून सगळं सांगितलं. मशीन आहे, आवाज माझा घेतलाय, बोलणं त्याचं त्याचं. आत्यांनी नीट ऐकून घेतलं.

‘मग एवडे दिस माज्या गुडघ्याची चौकशी कोन करत व्हतं?’

‘मशीनच.’

‘तरीच,’ आत्या म्हणाल्या. ‘मला वाटायचं, हिला ऑफिसात एवडा येळ कुटनं मिळतो.’

असं म्हणून त्या उठल्या आणि आत जाऊन लसूण सोलत बसल्या. संध्याकाळी यांना हे सांगितलं तर ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मीही हसले. आत्या हसल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी फोन कपाटावर ठेवून दिला आणि त्याला हात लावला नाही. मला ते दिसत होतं, पण प्रवेशाची गर्दी होती.

आत्यांनी अर्ज भरलाय हे माझ्या डोक्यात आलंच नाही. ते आलं यादी लागली तेव्हा. समितीच्या निर्णयाप्रमाणे फोनवरचे अर्ज आणि खिडकीवरचे अर्ज एकत्र करून यादी यंत्रानेच लावली होती. कागद नंतर तपासायचे असं ठरलं होतं. बी.ए. भाग एकच्या यादीवर सही घ्यायला ती सरांकडे नेता नेता मी सहज नजर टाकली आणि जिन्यातच थांबले. बऱ्यापैकी वर, आमच्या आडनावासकट, आत्या. बारावी उत्तीर्ण. गुण पंचाहत्तर टक्के. विशेष विषयाच्या रकान्यात ‘पर्यटन’.

जागा भरल्या होत्या. प्रतीक्षायादीत पहिलं नाव मेंढपाळाच्या त्या मुलीचं होतं.

‘सर, यादी चुकलीय,’ मी सरांना म्हणाले.

‘यंत्र चुकत नाही बाई. आणि ते पक्षपात तर मुळीच करत नाही.’

‘सर, ही माझी सासू आहे.’

‘मग तुमचं अभिनंदन!’

‘सर, त्या पंचाहत्तर वर्षांच्या आहेत.’

सर खुर्चीत सरळ झाले. त्यांचे डोळे चमकले. पुढच्याच आठवड्यात समितीने एका मोठ्या पाहुण्यांना एआयचं काम बघायला बोलावलं होतं, पत्रकारही येणार होते. ‘पंचाहत्तराव्या वर्षी उच्च शिक्षण!’ सर म्हणाले. ‘आणि अर्ज एआयमुळे! बाई, याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.’

‘सर, त्या शाळेतच गेलेल्या नाहीत.’

‘म्हणूनच तर कौतुक आहे.’

मी बराच वेळ बोलले. शेवटी सर कंटाळून म्हणाले, यादीत बदल करण्याचा अधिकार आता आपल्याकडे नाही, कंपनीला कळवा. कंपनीला कळवलं. त्यांचं उत्तर आलं, की अर्जदाराने स्वतः, त्याच फोनवरून, प्रवेश नको असल्याचं यंत्राला स्पष्टपणे सांगावं.

संध्याकाळी मी आत्यांच्या हातात फोन दिला. आत्या नाखुशीने बटण दाबून बसल्या.

‘प्रवेश नको म्हणून सांगा, आत्या.’

‘मला काय शाळा नगं,’ आत्या फोनला म्हणाल्या.

‘उच्च शिक्षणाने आपलं भविष्य उज्ज्वल होईल,’ माझा आवाज म्हणाला.

‘माजं भविष्य?’ आत्यांना मजा वाटली. ‘अगं, म्या पंचाहत्तर वर्साची हाय.’

‘हाय! पंचाहत्तर हे उत्तम गुण आहेत. आपण हार मानू नका.’

‘बग,’ आत्या मला म्हणाल्या, ‘हिला माजं कवतिक हाय.’

मी फोन ओढून घेतला आणि खिडकीवर ओरडते तशी ओरडले, ‘अर्ज रद्द करा! ताबडतोब!’

‘क्षमस्व,’ मी मला म्हणाले, ‘आपला आवाज ओळखीचा वाटत नाही. कृपया अर्जदाराला बोलू द्या. आपण थोडं पाणी प्यावं.’

हे पलंगावर आडवे होऊन हसत होते. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते उठून बसले. शेवटी यंत्र म्हणालं, ‘आपल्याला प्रवेश रद्द करायचा नाही, बरोबर?’

‘न्हाय!’ आत्या म्हणाल्या.

‘क्षमस्व, समजलं नाही.’

‘न्हाय म्हनते की!’

‘क्षमस्व, समजलं नाही.’

‘आत्या, “नाही” म्हणा,’ मी घाईत म्हणाले. ‘ना-ही.’

‘ना-ही,’ आत्या म्हणाल्या, प्रत्येक अक्षर जपून.

‘धन्यवाद. आपला प्रवेश कायम ठेवण्यात आला आहे. अभिनंदन!’

पाहुणे यायच्या दिवशीच कागद तपासणी होती. मी एवढंच ठरवलं, की नियमाप्रमाणे ज्याचे मूळ कागद नाहीत त्याची जागा प्रतीक्षायादीला द्यायची. आत्या घरी बसणार, नाव पुकारलं तर कुणी येणार नाही, प्रकरण संपेल. मेंढपाळ आणि त्याची मुलगी सकाळपासून भिंतीला टेकून बसली होती. मी नाव पुकारलं. आमचंच आडनाव, मामंजींचं नाव मधे. आख्खं कॉलेज ऐकत होतं.

‘आले, आले,’ असं म्हणत गर्दीतून आत्या आल्या. ठेवणीतलं लुगडं, केसांत फूल. मागे सर, पाहुणे आणि कॅमेरा घेतलेले पत्रकार. सरांनी मला न सांगता घरी रिक्षा पाठवली होती. आमचे हे जागे असते तर त्यांनी मला कळवलं असतं, पण ते झोपले होते.

‘विचारा की बाई, नेहमीसारखं विचारा,’ सर पाहुण्यांकडे बघत म्हणाले.

मी विचारलं. ‘बारावीचं गुणपत्रक?’

आत्या खिडकीच्या जाळीतून माझ्याकडे बघत राहिल्या. ‘कशाचं?’

‘बारावीचं. फोनवर तुम्ही बारा सांगितलं होतं.’

‘अगं, त्या शेळ्या!’ आत्या म्हणाल्या. आवाज त्यांचाही काही लहान नाही. ‘बारा शेळ्या व्हत्या माज्या. शेळ्यांचं गुनपत्रक असतं व्हय कुटं?’

सायकल स्टँडपर्यंत हशा गेला. पाहुण्यांनी सरांकडे पाहिलं. सर घसा खाकरायला लागले. तेवढ्यात भिंतीजवळच्या मेंढपाळाने न राहवून विचारलं, ‘आजी, कुटल्या शेळ्या? उस्मानाबादी का गावठी?’

‘उस्मानाबादी,’ आत्या वळून म्हणाल्या. ‘एक बांडी. तुमी कुटलं?’

दोघं तिथंच बोलायला लागले. बांड्या शेळीचं दूध, सांगोल्याचा चारा, यंदा पावसाने दिलेली हुलकावणी. रांग थांबली होती, पत्रकार लिहून घेत होते, आणि मला कितीतरी दिवसांनी आत्या मोकळेपणाने बोलताना दिसत होत्या. मधेच त्यांनी मुलीकडे पाहून विचारलं, ‘ही कशापायी आली?’

‘हिचा नंबर एका जागंनं हुकला, आजी.’

‘कुनाच्या जागंनं?’

मेंढपाळाने माझ्याकडे पाहिलं. मी यादी आत्यांसमोर धरली आणि त्यांच्या नावावर बोट ठेवलं. त्यांना वाचता येत नाही, पण बोट कशावर आहे ते कळलं.

‘आगं बया!’ आत्या म्हणाल्या. ‘मला काय करायचीय ती? दे की तिला.’

मी यादीवर लाल पेनने रेघ मारली, खाली सही केली, शिक्का उमटवला आणि मुलीचं नाव पुकारलं. तिने खिडकीशी येऊन कागदांची पिशवी पुढे केली. सर पुढे झाले. ते प्राचार्य उगाच झालेले नाहीत. त्यांनी लगेच पाहुण्यांना आणि पत्रकारांना सांगितलं, की तंत्रज्ञानामुळेच ज्येष्ठ पिढी आणि ग्रामीण विद्यार्थिनी आज एका रांगेत उभ्या राहू शकल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली लिहिलं होतं, ‘एआयच्या मदतीने आजींनी मुलीला दिली आपली जागा.’ फोटोत आत्या, मुलगी, सर, पाहुणे आणि लॅपटॉप. मी जाळीमागे असल्यामुळे आले नाही.

समितीची पुढची बैठक झाली. त्यात यंत्राला ‘हाय’ आणि ‘न्हाय’ शिकवण्याचा ठराव मंजूर झाला, आणि त्यासाठी मी पुन्हा रेकॉर्डिंगला बसावं असं ठरलं. पंखा लावला तरच बसेन, असं मी कळवलं. त्या मुद्द्यावर समिती अजून विचार करते आहे. मुलीचे वर्ग सुरू झाले. ती खिडकीवरून जाताना मला नमस्कार करते. मी मान हलवते.

प्रवेश आटोपल्यावर मी चार दिवसांची रजा घेतली आणि आत्यांना घेऊन एसटीने वेळापूरला गेले. यांच्या मावशींच्या अंगणात आत्या एसटीच्या धुळीसकटच बसल्या. दोघी बहिणी एकमेकींना वरून खालपर्यंत बघून घेऊन आधी थोडं रडल्या, मग मावशींनी त्यांना गोठ्यात नेलं आणि तिथून जे हसणं सुरू झालं ते रात्री जेवायला बसल्यावरही थांबेना. मला कुणी काही विचारत नव्हतं, मी ओट्यावर बसून भाकरी खाल्ली, झोपलेही लवकर. रजा संपली तेव्हा आत्या म्हणाल्या, तू हो म्होरं, म्या येते मागनं.

त्या मागून काही आल्या नाहीत. महिना होत आला. घर फार शांत वाटतं. एका दुपारी खिडकीवर गर्दी नव्हती, म्हणून मी मावशींच्या मोबाइलवर फोन लावला.

‘आत्या, गुडघा कसा आहे?’

‘कोन?’ पलीकडून एकदम दोन-तीन शेळ्या ओरडल्या. ‘व्हय, बरा हाय.’

‘औषध घेताय ना वेळेवर? कधी येताय? मी सुट्टी काढून न्यायला येते.’

‘मशीन हाय का तू हायस?’

‘मीच आहे, आत्या.’

‘बरं. मग आत्ता ठिव, पोरी,’ आत्या म्हणाल्या. ‘आमी दोगी बोलत बसलोय.’